बिनधुराच्या दोन खोल्या

देवाने मला रूप बेताचं दिलं, गळा त्याहून बेताचा दिला, पण नाक देताना मात्र हात सैल सोडला. दिसायला नव्हे, कामाला. गल्लीच्या तोंडाशी कोणी काडी ओढली की मला घरात बसून कळायचं, आणि पेटली ती विडी की सिगारेट, हेही सांगता यायचं. आता याचं कौतुक करावं, तर नाकाच्या पाठोपाठ छाती होती आणि ती नाकाइतकी धीट नव्हती. धूर आत गेला की छातीत बारीक शिटी वाजायला लागायची. लहानपणापासूनचा दमा. नाशिकला माझ्यासाठी आईने चूल परसात हलवली होती आणि वडिलांनी तपकीर धरली होती. त्यांची तपकीर ही माझ्यावरच्या प्रेमाची खूण आहे, असं ते शिंकता शिंकता सगळ्यांना सांगत.

लग्न झालं आणि आम्ही सुरतला आलो. हे बँकेत होते. साठच्या दशकाची शेवटची वर्षं. शहरात मिलची धुराडी होती, जरीचे कारखाने होते, पांडेसऱ्याकडे नव्या कारखान्यांसाठी जमिनी मोजणं चालू होतं, आणि खानदेशातून माणसं वळकट्या घेऊन उतरत होती. आम्ही एका रविवारी सकाळी गोपीपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावरची खोली पाहिली. झुळझुळ वारा, खिडकीतून ऊन, खाली झाडलेला ओटा. मी खोल श्वास घेऊन पाहिला आणि यांना मान डोलावून होकार दिला.

माझं नाक हुशार होतं, पण त्याला घड्याळ कळत नव्हतं. संध्याकाळ झाली. खालच्या प्रत्येक ओट्यावर कोळशाची शेगडी बाहेर आली. बायका हातपंखे घेऊन बसल्या, गप्पा रंगल्या, आणि त्या सगळ्या शेगड्यांचा धूर शहाण्या मुलासारखा एका रांगेत जिना चढून आमच्या दारात आला. त्याच वेळी शेजारचे आजोबा गॅलरीत विडी पेटवून बसले. मी खिडकी लावली तर उकाड्याने जीव जायचा, उघडली तर धुराने. पर्याय निवडायला देवाने मला पूर्ण मोकळीक दिली होती.

पावसाळा संपता संपता मला दोनदा अशी धाप लागली, की हे मला पाठुंगळीला घेऊन जिना उतरले. डॉक्टर पारखी माणूस. त्यांनी छातीला नळी लावली, मग यांच्याकडे पाहिलं.

"भाई, या जागेत हिवाळा काढू नका. जागा बदला. नाही जमत तर बेनला माहेरी ठेवा."

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"तुमची बदली होईल तोवर."

बदली व्हायला कित्येक वर्षं होती. लग्नाला तर अजून वर्षही झालं नव्हतं. घरी परतून जिना चढताना हे म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर तुला नाशिकला सोडतो, मी खानावळीत राहतो."

"आणि मग?"

"मग काय, मनीऑर्डरवर संसार."

ते हसले. मी नाही हसले. मला त्या माणसाबरोबर राहायचं होतं हो. अगदी सरळ, निर्लज्जपणे सांगते. पोळी भाजताना मागून येऊन 'काय चाललंय?' असं विचारणारं माणूस आयुष्यात नुकतंच आलं होतं, आणि ते चार शेगड्यांपायी सोडून द्यायला मी तयार नव्हते.

म्हणून आम्ही दलाल धरला. लांब, किडकिडीत गृहस्थ. काळी टोपी, खिशात किल्ल्यांचा जुडगा, आणि दोन बोटांत सदैव पेटलेली विडी. मी त्याला समजावून सांगितलं की मला बिनधुराची जागा हवी.

"धुमाडो?" तो दुखावल्यासारखा म्हणाला. "बेन, हुं तमने धुमाडावाळुं मकान बतावुं?" आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्याच्या तोंडातून धूर बाहेर येत होता.

मी त्याच्यापासून दहा पावलं पुढे चालायची, हे मध्ये, तो मागे. बघणाऱ्याला वाटावं, मी रुसून निघालेय आणि हे दोघे समजूत काढायला येताहेत. स्टेशनाजवळची खोली दाखवताना त्याने हात पसरले. "हवा जुओ, बेन, हवा!" तेवढ्यात मालगाडीचं इंजिन खिडकीखाली येऊन सुस्कारलं. उधन्याकडच्या खोलीत त्याने स्वतःच खोकत खोकत 'एकदम ताजी हवा' म्हटलं. शेवटी एका बऱ्या घराच्या मालकाला यांनी प्रामाणिकपणे माझा दमा सांगितला, तर त्या माणसाने पदराला विंचू लागल्यासारखं बायकोला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. दमा म्हणजे क्षय, एवढंच त्याला ठाऊक.

"आ दमावाळी वात छोडी दो," दलाल जिन्यातच म्हणाला. "दमा सांगाल तर सुरतेत तुम्हाला ओटासुद्धा मिळणार नाही."

दिवाळी जवळ आली होती. आम्ही ती वात, म्हणजे ती गोष्ट, सोडून दिली.

मग एका दुपारी तो आम्हाला नानपुऱ्यात एका जुन्या पारशी घरापुढे घेऊन गेला. उंच जोतं, लाकडी खांब, उंबऱ्यावर चुन्याच्या ठशांनी काढलेले मासे, दारावर मण्यांचं तोरण. दलालाने पायरीवर पाऊल ठेवलं मात्र, वरून असा आवाज आला की तोरणाचे मणी हलले.

"मूआ, बीडी फेंक!"

दारात एक बाई उभी होती. गोरीपान, भरभक्कम, डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधलेला, नाकावर चष्मा. दलालाने विडी मागे लपवली. तिने चष्म्यावरून पाहिलं. "मागे नाही. बाहेर. रस्त्यावर." त्याने विडी गटारात टाकली. "आता चूळ भर." तो मुकाट्याने मागच्या अंगणातल्या विहिरीकडे गेला. मी त्या क्षणी तिच्या पायांवर डोकं ठेवणार होते, पण ह्यांनी कोपर धरला.

तिचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत सांगते आहे. तिचं पारशी गुजराती जसंच्या तसं लिहायला तिची छाती हवी.

"अग्नी म्हणजे आमचा देव," ती आम्हाला म्हणाली. "त्याला तोंडात घालून उष्टा करतात मूर्ख लोक. माझ्या घरात विडी नाही, सिगारेट नाही, चिलीम नाही. येणाऱ्या पाहुण्यालासुद्धा नाही. चालेल?"

चालेल? मी म्हटलं, "बाई, आम्ही पण असंच घर शोधतोय."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. इतका उत्साह तिला भाडेकरूत आवडत नसावा. मग ती यांच्याजवळ आली, वाकली, आणि यांच्या शर्टाचा वास घेतला.

"बीडी!"

"नाही, नाही," हे पांढरेफटक पडले. "बँकेतली आहे. म्हणजे, शेजारचे कॅशियर ओढतात. वास माझा आहे, धूर त्यांचा."

"मोढुं उघाड. हाऽऽ कर."

नवरा माझा, तीन वर्षं नोकरीत मुरलेला, टाय लावलेला, पारशी ओसरीवर उभा राहून त्या बाईच्या तोंडावर 'हाऽऽ' करत होता. तिने डोळे मिटून विचार केला. मी विठ्ठलाचा धावा केला.

"लसूण," ती म्हणाली. "लसूण चालशे."

त्या दिवशी सकाळी चटणी कुटली होती, म्हणून माझा संसार वाचला, असं मी आजही मानते.

दोन खोल्या मिळाल्या. ती एकटीच राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाक ती मागच्या अंगणापलीकडे करायची, मी आमच्या मागच्या पडवीत स्टोव्हवर. भोवती तिच्यासारखीच पारशी घरं, संध्याकाळी एकही शेगडी ओट्यावर येत नव्हती. आमच्या पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याची मोठी तसबीर होती. काळा कोट, पगडी, जाड मिशा. "ही त्याची खोली," तिने सांगितलं. "तसबीर हलवायची नाही. तो कोणाला त्रास देत नाही." मी म्हटलं, अजिबात नको हलवायला. बिनधुराच्या खोलीत बिनधुराचा माणूस, आणखी काय हवं?

सामान लावलं. मी जमिनीवर मधोमध बसून दीर्घ श्वास घेतला. शिटी नाही, खरखर नाही. हे दाराला टेकून बघत होते. म्हणाले, "मनीऑर्डर रद्द?"

"रद्द," मी म्हटलं.

मग दिवेलागण झाली.

मधलं दार उघडलं आणि मासी आली. तोवर मी तिला मासी, म्हणजे मावशी, म्हणायला लागले होते. डोक्याला स्वच्छ रुमाल, ओठ प्रार्थनेत हलत होते, आणि दोन्ही हातांत उंच पायाचं चांदीचं पात्र. पात्रात लाल निखारे. निखाऱ्यांवर तिने मुठीतून काहीतरी टाकलं, आणि पांढरा, दाट, सुगंधी, देखणा धूर उठून आमच्या खोलीच्या छतापर्यंत गेला.

लोबान!

ज्यांचा देव अग्नी, त्यांच्या घरी धूर नसणार, असा हिशेब आम्ही दोन शिकल्यासवरल्या मराठी माणसांनी केला होता. आमच्याच देवळांत आरतीला ऊद जाळतात, तेही आम्हाला आठवलं नाही. ती विडीवर ओरडली आणि आम्ही हरखून गेलो. अग्नीवर इतकं प्रेम करणारी बाई त्याला संध्याकाळी जेवू घालणारच की!

ती एकेका कोपऱ्यात पात्र नेत होती. शेवटी तसबिरीपुढे थांबली. तिथे ती रोजच जास्त वेळ थांबायची, हे पुढे कळलं. मी श्वास रोखून उभी. डोळे मोठे, गाल फुगलेले, दोन्ही हात जोडलेले. तिला वाटलं, काय भक्तिभाव! तिने कौतुकाने माझ्याभोवती पात्र एकदा जास्त फिरवलं.

ती गेल्यावर मी परसात पळाले आणि विहिरीच्या कठड्याला धरून अर्धा तास शिट्या वाजवल्या.

"तिला सांगून टाकू," हे म्हणाले.

"सांगितलं की ती काढेल. क्षय समजेल. आणि समजली नाही, तरी तिने काय करावं? आपला पवित्र अग्नी, आतस, सोडावा?"

मग मी युक्ती काढली. दिवेलागणीला घराबाहेर. कधी भाजी, कधी देऊळ, कधी 'मासी, जरा पाय मोकळे करून येते'. घरात धूर यायचा, म्हणून धुराने भरलेल्या रस्त्यांवरून चकरा मारायची. टांग्यांच्या धुळीतून, भजीवाल्याच्या कढईपासून दूर पळत, पानवाल्यापुढून नाकाला पदर लावून. हे बँकेतून आले की मला चौकात शोधायला यायचे. बिनधुराचं घर मिळवलेली बाई संध्याकाळी रस्त्यावर उभी, याहून मजेदार दृश्य सुरतेत दुसरं नसेल.

मासीला मात्र मजा वाटत नव्हती. ती दिवसेंदिवस गप्प होत गेली. आधी मला हाक मारून बटर बिस्किटं द्यायची, ते बंद झालं. विहिरीवर भेटली तरी कळशी भरून निघून जायची. मला कारण कळेना. आणि एका संध्याकाळी मी पिशवी घेऊन निघाले तर ती माझ्या दारात उभी. हातात पात्र, निखारे फुललेले.

"कुठे चाललीस?"

"भाजी आणायला, मासी."

"काल पण भाजी, परवा पण भाजी. दोन माणसं की हत्ती?" तिचा आवाज चढला. "मला कळत नाही काय, पोरी? दिव्याच्या वेळी घरची बाई बाहेर पळते. माझा आतस आला की पळते. तुम्ही सोवळ्यातले लोक. माझ्या आतसने तुझं घर बाटतं? स्पष्ट बोल! माझ्या धन्याच्या तसबिरीपुढे मी उभी राहते, ते तुला खपत नाही?"

हे मी कल्पिलंच नव्हतं. मला धुराची भीती, आणि तिला वाटत होतं मला तिची शिसारी! तिचे डोळे चष्म्यामागे भरले होते. मी 'नाही हो मासी' म्हणायला तोंड उघडलं. तोंड उघडलं म्हणजे श्वास आत घेतला, आणि श्वास आत घेतला म्हणजे लोबान घेतला. नाटकात पात्र ऐन संवादाच्या वेळी कोसळतं ना, तशी मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. शिटी वाजली. मग दुसरी. मग छाती भात्यासारखी.

"हाय हाय! सूं थयुं तुने?"

मला बोलता येईना. मी पात्राकडे बोट केलं, छातीकडे केलं, परत पात्राकडे. तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा कसा बदलला, ते मला आजही दिसतं. आता तुम्ही लक्षात घ्या, त्या बाईला तो अग्नी विझवता येत नव्हता. पाणी ओतणं तर सोडाच, फुंकर मारणंसुद्धा पाप. खाली आपटणं त्याहून पाप. मग तिने काय करावं? ती पळाली. तेवढं वजन, तेवढं वय, दोन्ही हातांत चांदीचं पात्र छातीशी धरून, डोक्यावरचा रुमाल घसरलेला, मागे धुराचा लांब शेपटा, ती आमच्या दोन्ही खोल्यांतून, पडवीतून, अंगणातून इंजिनासारखी धडधडत गेली आणि आपल्या स्वयंपाकघरात पात्र ठेवून तशीच परत आली. खिडक्या उघडल्या. पदराने वारा घालायला लागली. आणि वारा घालता घालता मला शिव्या देत होती. सुरतेच्या शिव्या. त्या मी लिहिणार नाही, पण त्यांची माझा श्वास परत यायला मदत झाली, कारण दोन-तीन ऐकून मला हसू फुटलं.

"हसते काय, मूई? दमा आहे तर सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही काढलं असतं," मी कशीबशी म्हटलं. "मग मला नाशिकला जावं लागलं असतं. ह्यांना सोडून."

ती वारा घालायची थांबली. तसबिरीकडे बघितलं. मग पुन्हा वारा घालायला लागली, पण शिव्या थांबल्या.

हे आले तेव्हा मी अंथरुणावर आणि मासी शेजारी खुर्चीवर. यांनी घाबरून विचारलं, "आम्ही जागा सोडू का?"

"तू गप रहे, लसूण," मासी म्हणाली. त्या दिवसापासून ती यांना लसूणच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी ती अग्यारीत, पारशांच्या अग्निमंदिरात, जाऊन आली. मी विचारलं, "तिथल्या पुजाऱ्यांना, दस्तुरजींना, विचारायला गेला होता?"

"विचारायला कशाला? सांगायला गेले होते. म्हटलं, आजपासून माझा आतस त्या दोन खोल्यांत जाणार नाही, तिथे दिवो जाईल. ते म्हणाले, बरं. नाही म्हणाले असते, तरी मी परत येऊन हेच केलं असतं."

तिने काचेचा पेला आणला. खाली पाणी, वर तेल, तेलावर तरंगती वात. तसबिरीखालच्या फळीवर ठेवला. मला वाटलं, आता रोज ती येऊन लावणार. तर तिने काडेपेटी माझ्या हातात दिली.

"तू लाव. मी तिकडे लोबान करेन, दार बंद करून. इकडे तू त्याच्यापुढे उभी राहा. नुसती काडी लावून पळायचं नाही हं. तो गप्पिष्ट होता. दोन शब्द बोल त्याच्याशी."

काय दिलं तिने मला, ते त्या वेळी मला पुरतं कळलं नाही. वर्षानुवर्षं ती रोज संध्याकाळी आतस घेऊन नवऱ्याच्या खोलीत यायची. ते तिचं भेटणं होतं. ते तिने एका परक्या पोरीच्या छातीसाठी बंद दाराच्या पलीकडे ठेवलं, आणि भेटायचं काम माझ्याकडे दिलं. मी ते मन लावून केलं. बाजारभाव सांगितले, बँकेतल्या भानगडी सांगितल्या, मासी आज कोणावर ओरडली ते सांगितलं. दाराच्या पलीकडे ती प्रार्थना संपवून कान देऊन उभी असायची. मध्येच तिकडून आवाज यायचा, "खोटं सांगू नको त्याला! मी असं बोलले नव्हते!"

आणि माझ्या धुराची ती पोलीस झाली. आमच्या खिडकीखाली टांगा उभा राहिला आणि टांगेवाल्याने विडी काढली, की वरून तांब्याभर पाणी. विडीवर नाही हं, अग्नीवर पाणी ती टाकणार नाही. टांगेवाल्याच्या पायांवर. एकदा यांचे साहेब जेवायला आले, सिगारेट ओठांत. मासी पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. साहेबांनी सिगारेट टाकली, चूळ भरली, आणि हाऽऽ पण केलं. यांची पुढची बढती त्यामुळे लांबली असं हे म्हणतात. मला तसं वाटत नाही. वाटलं तरी पर्वा नाही.

तिथे मी हिवाळे काढले, एकामागून एक. मुलगी तिथे झाली. पाळण्यावर मासीने मोत्यांचं तोरण बांधलं आणि वाढदिवसाला शेव-दही खाऊ घातलं. नाशिकला मी जायची, पण माहेरपणाला. परत येताना स्टेशनावर हे उभे असायचे, लसणाचा वास घेऊन.

सत्तरचं दशक अर्धं सरलं आणि बदलीचा हुकूम आला. निघायच्या दिवशी सामान टांग्यात भरलं. टांगेवाल्याने विडी आधीच फेकली होती, त्याला घर माहीत होतं. खोल्या रिकाम्या झाल्या, फक्त तसबीर आणि तिच्यापुढचा पेला. मी शेवटचा दिवा लावला आणि मासीला म्हटलं, "आज संध्याकाळी लोबान इकडे आणा. इतकी वर्षं माझ्यापायी अडला."

"आणणार तर. तुला कशाला सांगायला हवं?" ती म्हणाली. "पण तू जा आधी. वळण ओलांडून जा. तोवर मी निखारा पण फुलवणार नाही."

यांनी वाकून नमस्कार केला. तिने यांच्या डोक्यावर हात ठेवला. "लसूण सोडू नको," म्हणाली.

टांगा कोपऱ्यावर आला. मी टांगेवाल्याला थांबवलं. हे म्हणाले, "अगं, गाडी चुकेल." मी म्हटलं, "चुकू दे." मागे वळून बघत राहिले. दिवेलागण झाली होती. बऱ्याच वेळाने आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीतून एक पांढरी, बारीक रेघ बाहेर आली आणि कौलांवरून वर गेली. तसबिरीपुढे ती उभी असणार, हे मला कळलं. आज तिला खूप बोलायचं असेल.

माझ्या नाकाने तो वास तिथूनही पकडला. छाती गप्प होती. मी पदर नाकाला लावला नाही.

तेवढ्यात खिडकीतून पांढरा रुमाल बांधलेलं डोकं बाहेर आलं आणि सगळ्या नानपुऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलं, "अजून गई नथी, मूई? लांब जा, लांब! धुमाडो आवशे!"

टांगेवाल्याने घाबरून घोड्याला चाबूक दाखवला.